किसनच्या गावी खोटं बोलायला

मनमाडला गाडी बदलून नांदेडला उतरलो तेव्हा कपडे कोळशाच्या भुग्याने माखले होते आणि मनात एकच घोर होता, चारचौघांत खोटं कसं बोलायचं. सवय नाही अशातला भाग नाही. फौजेतून परतलेला माणूस थोडं वाढवून सांगतोच, मीही सांगतो. पण गेलेल्या दोस्ताबद्दल, त्याच्याच गावात, त्याच्या बायकोसमोर बोलायचं म्हणजे काम अवघड.

दोस्त म्हणजे किसन, आमच्या तुकडीचा लांगरी (फौजेतला स्वयंपाकी). लढाईनंतर तो घरी निघाला तेव्हा माझा हात धरून म्हणाला होता, "गावात समद्यांला ठावं हाय की मी बंदूक चालवली. सासऱ्यानं पोरगी शिपायाला दिली, आचाऱ्याला न्हाई. कधी आलास तर तोंड सांभाळ." मी कधी गेलोच नाही. आता त्याला जाऊन वर्ष झालं आणि त्याच्या मुलीचं, प्रमिलाचं, भोकरहून पत्र आलं. पहिल्या स्मृतिदिनाला या, आबांनी लढाईत काय केलं ते आईला कुणीच सांगितलं नाही, तुम्ही चार शब्द बोला, असा मजकूर होता.

म्हणून आधी भोकरला गेलो. प्रमिला तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. बापाचेच दाट केस आणि तेच मोठं हसू. तिने समोर ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ लावलेली झणझणीत आमटी) ठेवली. आमच्या साताऱ्याकडे तिखट खातात असा माझा समज होता, तो पहिल्या घासाला गेला.

"आबा लढाईचं काही बोलायचे का गं?" मी नाक पुसत अंदाज घेतला.

"न्हाई काका. विचारलं की उठून चुलीकडं जायचे."

"चुलीकडं?"

"हाव. घरात सैपाक तेच करायचे. भावाच्या वेळेस आईला चार महिने चुलीपुढं बसू दिलं न्हाई. लोक हसायचे, आबा लक्ष द्यायचे न्हाईत. फक्त त्यांना चौघांपुरतं शिजवताच येत न्हवतं. आमच्या वरणावर शेजारची चार घरं जेवायची."

मला जोराचा ठसका लागला. तिला वाटलं आमटीने लागला. शंभर माणसांची डाळ घोटलेला हात तो, चौघांचं माप त्याला कुठून सापडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाला घेऊन किसनच्या गावाला निघालो, नांदेडहून अहमदपूरची एसटी धरली. कंडक्टरला मी रुबाबात म्हणालो, "अहमदपूर, जिल्हा उस्मानाबाद."

"मामा, उस्मानाबाद सुटलं आमचं. आता लातूर जिल्हा. पाट्या रंगवून राहिलेत बगा," तो म्हणाला आणि सगळी बस माझ्याकडे बघून हसली. खरंच, पुढे एका फाट्यावर पाटीचा रंग ओला होता. कुणीतरी त्याला बोट लावून पाहिलेलं स्पष्ट दिसत होतं. लोह्याच्या पुढे बस पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत शेजारच्या बाईने आम्हाला टहाळ (हरभऱ्याची घाट्यांसकट उपटलेली झाडं) दिला. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हिरवे हरभरे सोलताना समोर ज्वारीची रानं वाऱ्यावर डुलत होती. इतकं सुख होतं की चाक आणखी तासभर बदललं नसतं तरी चाललं असतं. पण प्रमिला सारखी घड्याळ बघत होती आणि मला माझं भाषण आठवत होतं.

गावात पोचलो तेव्हा मांडव भरला होता. बुद्धाच्या मूर्तीशेजारी किसनचा फोटो, गणवेशातला, हातात बंदूक. ती बंदूक माझी होती. फोटोपुरती मीच दिली होती. त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून किसनच्या आठवणी सांगू लागला. पागोटं बांधलेले एक म्हातारे शेतकरी काठी टेकत उभे राहिले.

"दुष्काळात खडी फोडायच्या कामावर समदा गाव होता," ते म्हणाले. "रेशनच्या तांबड्या ज्वारीच्या कण्या किसनानं शिजवल्या, तीनशे माणसाला पुरवल्या. आमी वरच्या आळीचे. पयल्या दिवशी त्याच्या हातचं खाल्लं न्हाई, लांब बसलो. तरी त्यानं आमचा वाटा झाकून ठिवला. तिसऱ्या दिवशी मीच उठलो आन् त्याच्या पंगतीला बसलो. ती चव अजून जिभंवर हाय, आन् लाजबी हाय."

मग माझं नाव पुकारलं. मी घसा खाकरला. किसनने मशीनगन कशी पकडली, शत्रूची चौकी कशी उडवली, सगळं रंगवून सांगू लागलो. पुढे बसलेली मुलं टाळ्या वाजवत होती. एवढ्यात किसनची बायको, सुभद्रावहिनी, पदर सावरून उभी राहिली.

"भावजी, कशाला खोटं बोलून राहिलात?"

मुलांच्या टाळ्या अर्ध्यातच थांबल्या.

"लग्नानंतर पयल्यांदा सुट्टीवर आले तवा कणीक मळली त्यांनी," ती म्हणाली. "एका हातानं परात फिरवत, धा शेर पीठ असल्यावानी. तवाच वळखलं. बंदूकवाला असं मळत न्हाई. त्यांला वाटायचं मला ठावं न्हाई. मी वाटू दिलं."

आधी पागोटंवाले आजोबा हसले, मग सगळा मांडव हसला. प्रमिला हसता हसता रडत होती. वहिनी मात्र माझ्याकडेच बघत होती.

"मला एकच इचारायचं हाय. घरी ते कायम शेवटी जेवायचे. दुष्काळात तर खाऊन आलो म्हणायचे आन् पाणी पिऊन झोपायचे. तिथं तरी पोटभर जेवत होते का?"

या प्रश्नाला खोटं बोलायची गरजच नव्हती. मी सांगितलं, वरून तोफा चालू असताना किसन खंदकापर्यंत सरपटत जेवण आणायचा. पहिल्या दिवशी वाढून तसाच परत निघाला. आम्ही अकरा जण होतो. आम्ही ठरवलं की किसनने समोर बसून खाल्ल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. तो चिडायचा, शिव्या द्यायचा. पण आम्ही भुकेले, तोही आमचाच, शेवटी बसायचा. "चार-पाच रोट्या खायचा वहिनी, रोज. मोजून नाही, पोट भरेपर्यंत."

वहिनीने डोळे मिटले. मग म्हणाली, "लई बरं केलं तुमी," आणि पंगत मांडायला गेली.

दोन दिवसांनी घरी पोचलो. बायकोने पिशवी घेतली, पाणी दिलं, ताट वाढलं आणि नेहमीसारखी दाराला टेकून उभी राहिली. कसा झाला प्रवास, म्हणाली.

"सांगतो सगळं," मी म्हणालो, "पण आधी तुझं ताट घेऊन ये."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, हे मी पहिल्यांदाच बोललो. तिने जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.