विठोजींनी अडवलेली लाइन

विठोजी मला कधी फारसे आवडले नाहीत. हट्टी माणूस. घराणं बंगळूरला तीनशे वर्षं मुरलेलं, मराठीत निम्मं कन्नड. आमच्या रुग्णालयाच्या हेब्बाळ शाखेत ते संगणक सांभाळत, मी त्यांच्या हाताखाली. रुग्णांच्या नोंदी मल्लेश्वरमच्या मुख्य शाखेतल्या सर्व्हरवर असत. वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्या सांकेतिक होऊन येत. आणि समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे आमचा संगणक आधी त्याचं सर्टिफिकेट पाहून ठरवी. ही सोय विठोजींनीच बसवलेली.

१९९९च्या दसऱ्याला सकाळी लाइन लागेना. पडद्यावर एकच ओळ: सर्टिफिकेट वैध नाही. आत एका बाळंतिणीला रक्तस्राव होत होता. तिला कोणतं रक्त चालत नाही, ती जुनी नोंद मल्लेश्वरमला. रक्ताची माहिती फोनवर घ्यायची नाही, असा रुग्णालयाचा नियम.

पुण्याहून नवे आलेले आमचे साहेब, दामोदर, खुर्चीमागे उभे राहिले.

"चेकिंग ऑफ करा ना, विठोजी. डेटा एनक्रिप्टेड आहेच."

"आहे सार. पण बोलतोय कुणाशी, ते कळाय नको?"

त्याच लाइनवर सरावाचा सर्व्हरही होता. त्यात रुग्णांचे नंबर खरे, माहिती सगळी बनावट. चेकिंग बंद असताना त्यातली नोंद आली, तरी कळलं नसतं.

"आणि बाई गेली तर?"

"स्वल्प थांबा सार."

डॉक्टर दोनदा दारात येऊन गेले. सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि हे एकेक गोष्ट तपासत बसलेले. मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांनी संगणकाची तारीख पाहिली: १ जानेवारी १९८०. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, यंत्रांच्या आयुधपूजेत कुणीतरी प्लग काढला होता. आतली बॅटरी संपलेली, त्यामुळे घड्याळ मागे गेलं. त्या तारखेला ते सर्टिफिकेट जन्मालाही आलं नव्हतं.

तारीख बदलली, नोंद आली. डॉक्टरांनी आधी आणलेली रक्ताची पिशवी परत पाठवून दुसरी मागवली. बाई वाचली.

"मशीन बंद कुणी केलं?" दामोदरांनी विचारलं. "सक्त मनाई होती ना?"

विठोजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मीच, सार."

त्यांची बढती गेली. खरं तर ते चालू मशीनलाच कुंकू लावून घरी गेले होते. नंतर पाणी शिंपडायचं म्हणून प्लग मी काढला. मागे कोण उरलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, आणि तोंड उघडलं नाही.