तळाचा परिच्छेद

आमच्या यवतमाळच्या दैनिकात मजकूर कापायचा तर खालून कापत. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं तळाशी, असा नियम होता. कापसाच्या पडत्या वर्षांत जागा पुरेना, तेव्हा तो माझ्या विज्ञानाच्या सदरालाही लागू झाला. विज्ञानात पुष्कळदा महत्त्वाचं तळाशी असतं, हे कोणी विचारात घेतलं नाही.

त्या काळात मोठ्या शहरांतून पत्रकारांच्या गाड्या येत, शेतकऱ्यांना पंचनाम्यासारखे प्रश्न विचारत आणि अंधार पडायच्या आत परत जात. जिल्हा संकटात असताना विज्ञानाचं लिखाण शोभत नाही, असं संपादकांचं मत होतं. दसऱ्यानंतर सदर बंद, त्या जागी फवारणीची माहिती. मी विरोध केला. तो शांतपणे ऐकून घेण्यात आला.

शेवटचं सदर मी काळावर लिहिलं. धावत्या एसटीतलं घड्याळ स्टँडवरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. पृथ्वीच्या केंद्राकडे जितकं खाली जावं, तितका काळ मंदावतो. उदाहरण राजूरच्या कोळसा खाणीचं घेतलं: खाणीच्या तळाचं घड्याळ वरच्यापेक्षा मागे पडतं. किती मागे, ते शेवटच्या परिच्छेदात होतं. तोच कापला गेला.

दसरा झाला आणि फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे जुळे भाऊ कार्यालयात आले. थोरला राजूरला खाणीत उतरणारा, धाकटा तांड्यावर कापूस पिकवणारा. धाकट्याच्या खिशात आमच्या अंकाची घडी होती.

"साहेब, हा दसऱ्याले माझ्या पाया पडला नाही," थोरला म्हणाला. "सोनं हातात देल्लं अन् ताठ उभा!"

"कायले पडू?" धाकट्याने अंक उघडला. "हे वाचा. हा खाली कोळशात, तिथं टाइम हळू. मी वर उन्हात. जन्मले हा जरासा आधी आला, पण इतक्या वर्सात मी याच्या पुढं गेलो. आता यानं मले भिया म्हणाव."

तांड्यावर थोरल्या भावाला भिया म्हणतात. सगळा कक्ष हसला. हसणं ऐकून संपादक केबिनमधून बाहेर आले.

"कापसाचं काही असेल तर विचारा," ते म्हणाले. "बोंडअळी, फवारणी..."

"कापसाचं आमाले समजते, साहेब. फवारणीचं तर दुकानदारही सांगते. हे कोणी सांगत नाही," धाकटा म्हणाला.

"पण याचा तुम्हाला उपयोग काय?"

"मुंबईवाल्यायले इचारता का असं?"

फिर्यादी थोरला होता, तरी तो भावाच्या बाजूला सरकला. "बराबर इचारून राह्यला थो."

मी दोघांना कापलेला परिच्छेद सांगितला. सगळा जन्म खाणीत काढला, तरी पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढाही फरक पडत नाही. फरक खरा आहे, पण थोरला थोरलाच.

"पाहाय!" थोरला म्हणाला.

धाकट्याने अंकाची पुन्हा घडी घातली. "मग हे छापलं काहून नाही?"

मी संपादकांकडे पाहिलं. छापील मजकुरामुळे वाचकाची दिशाभूल झाली, तर खुलासा त्याच जागी द्यायचा, हा नियम त्यांनीच केलेला होता.

"खुलासा जाईल," ते म्हणाले. "चार ओळी."

"चार ओळींत बसणार नाही. मूळ मजकूर सदराच्या पूर्ण जागेचा होता," मी म्हणालो.

"मग पूर्ण जागा घ्या," म्हणून ते केबिनमध्ये गेले. थोरल्याने चपला काढून पाय पुढे केले.

"छापून येऊ दे, भिया," धाकटा म्हणाला. "मंग पडतो."

रविवारी खुलासा पूर्ण जागेत आला. फरकाचं वाक्य मी सगळ्यात वर घेतलं. तळाशी कापता येईल असं काही ठेवलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारच्या सदरातही नाही.