टिचकीकाकांची वही

खिडकीला हात लावण्याआधी ते काचेला मधल्या बोटाने टिचकी मारायचे, कान तिरका करायचे आणि मगच हत्यारांची पिशवी खाली ठेवायचे. म्हणून ते टिचकीकाका. दारात कुणी आलं की त्यांची बायकोसुद्धा आत वळून म्हणायची, "अहो, तुमच्या टिचकीला गिऱ्हाईक आलंय!"

मी त्यांच्याकडे गेलो तो ताईसाठी. माझी थोरली बहीण इस्पितळात नर्स होती, कायमची रात्रपाळी. सकाळी आठला घरी यायची, दोन घास खाऊन नऊला झोपायची. पावणेदहाला पहिलं हेलिकॉप्टर यायचं. शहराबाहेरच्या मैदानावरून एक कंपनी हौशी लोकांना वरून शहर दाखवायची. दर वीस मिनिटांनी एक फेरी, दिवेलागणीपर्यंत. आधी जमिनीखालून आल्यासारखी घरघर, मग ती फासळ्यांत शिरायची, मग खिडकीत. आवाज निघून गेल्यावरही काच खडखडत राहायची. धोका टळल्याचं तिला कुणी सांगितलेलं नसायचं. गल्लीतले आम्ही सगळे बोलता बोलता वाक्य मध्येच थांबवायला आणि नंतर त्याच शब्दापासून पुढे न्यायला शिकलो होतो. झोपेचं तसं होत नाही.

एका पहाटे ताईने भलत्याच रुग्णाला द्यायला सुई उचलली. मोठ्या सिस्टरने वेळीच हात धरला म्हणून निभावलं. त्या सकाळी ताई जेवली नाही.

"पुढच्या वेळी हात धरायला कुणी नसेल," ती म्हणाली. "असंच चालू राहिलं तर मी सोडते नोकरी."

एकोणीस वर्षांची नोकरी. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यायची गरज वाटू नये इतकं हे येत होतं.

टिचकीकाका आले. "काय ताई, झोप लागत नाही म्हणे?"

"लागते हो काका. टिकत नाही."

"म्हणजे या खिडकीसारखंच. बसवलेली आहे, पण बसलेली नाही."

त्यांनी काच चौकटीला धरून ठेवणारी वाळलेली लांबी खरवडून काढली, नवी भरली आणि काच चारी बाजूंनी पक्की आवळली. दुसऱ्याच दुपारी तिला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. काकांनी येऊन तो पाहिला आणि टिचकी स्वतःच्या कपाळावर मारली.

"चाळीस वर्षं वाऱ्यासाठी खिडक्या बसवल्या. वारा ढकलतो. हे ढकलत नाही, हलवतं. चूक माझी."

नवी काच त्यांनी नखाएवढी फट ठेवून, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टेकवली. खडखड थांबली. मग त्यांनी वही काढली, खिडकीचा चौकोन काढला, लांबी जिथून सुटली होती तिथे बाण केला, घर आणि तारीख लिहिली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पुन्हा आलो तर कळायला नको, खिडकी कुठून हरते ते?"

खडखड गेल्यावर ताईला तासभर सलग झोप मिळू लागली. तासाभरानंतर घरघरच तिला उठवायची. "खिडकीचं तोंड मी बंद केलं," काका म्हणाले. "आभाळाच्या तोंडापर्यंत माझी शिडी पोचत नाही."

गल्लीने सरकारी खात्याकडे अर्ज केला. कंपनीने उत्तर दिलं की त्यांची हेलिकॉप्टरं रेल्वेच्या जुन्या गोदामांवरून जातात, वस्तीवरून एकही नाही. मग एक अधिकारी बाई पाहणीला येणार असं ठरलं. गल्लीच्या वतीने ताई बोलणार होती. पाहणीची तारीख नियमाप्रमाणे कंपनीलाही कळवली होती.

त्या दिवशी पावणेदहा वाजले. दहा वाजले. साडेदहा. आभाळ इतकं मुकाट होतं की आम्हाला एकमेकांच्या चपला ऐकू येत होत्या. अधिकारी बाईंबरोबर कंपनीचा मॅनेजरही आला होता.

"ऐका ना मॅडम," तो म्हणाला. "चिमणी तरी ओरडतेय का?"

एकच गलका झाला. मी ताईला बोलवायला घरात धावलो. नऊला ती 'जरा पाठ टेकते' म्हणून गेली होती. आता एक हात पलंगाबाहेर टाकून, तोंड उघडं ठेवून ती चक्क घोरत होती. सहा महिन्यांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी तिच्या खांद्याला हात लावणार, इतक्यात मागून काकांचा दबका आवाज आला.

"खबरदार उठवशील तर."

"काका, तिला बोलायचंय. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच सांगतोय. झोपू दे. मी बोलतो."

"तुम्ही काय दाखवणार? आज हेलिकॉप्टर नाहीच."

"खिडक्या आहेत ना."

बाहेर त्यांनी वही उघडताच मॅनेजर हसला. "काका, आमच्यामुळे तर तुम्हाला काम मिळतं. स्वतःच्या पोटावर कशाला पाय मारून घेताय?"

"पोट माझं, पाय माझा. तुम्ही का लंगडताय?"

अधिकारी बाईंनासुद्धा हसू आवरलं नाही.

वहीत सहा महिन्यांत आमच्या एका गल्लीतल्या एकोणसाठ खिडक्या. गोदामांलगतच्या तिन्ही गल्ल्यांत मिळून दोन, त्यातली एक चेंडूने फुटलेली. "हेलिकॉप्टर तिकडून जातं म्हणता," काका म्हणाले, "मग तिकडच्या काचा बहिऱ्या आहेत का, मॅडम?"

बाईंनी वही हातात घेतली आणि बाणांशी ताडून बघत घरोघर फिरल्या. काका टिचकी मारून दाखवत होते. पक्की काच टणकन बोलते, सुटलेली घोगरी वाजते. पाचव्या घरी बाईंनी स्वतःच टिचकी मारली. "ही सुटलीय."

"मागच्याच महिन्यात बसवली होती," काका म्हणाले.

आमच्या दाराशी आल्यावर काकांनी ओठांवर बोट ठेवलं. बाईंनी आत डोकावून पाहिलं.

"रात्रपाळी?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी मान हलवली. त्या खिडकीपर्यंत गेल्या नाहीत. उंबऱ्यावरच उभं राहून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि चवड्यांवर मागे फिरल्या. मॅनेजरलाही तसंच फिरावं लागलं.

ताई चारला उठली आणि माझ्यावर कडाडली. "मेल्या, मला उठवलं का नाहीस?" मी सगळं सांगितलं. ती पलंगावर बसून राहिली. "सात तास," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

महिन्याभराने हुकूम निघाला. फेऱ्या नदीपलीकडून न्यायच्या, आणि त्या खरंच तिकडून जातात का हे खात्याने न कळवता तपासायचं. लांबवर घरघर अजून ऐकू येते, पण ती आता दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं वाटते. ताईची नोकरी चालू आहे.

आमच्या गल्लीतून काकांना आता बोलावणं येत नाही. परवा मला ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका शाळेच्या भिंतीशी शिडीवर दिसले. मी थांबलो.

"आभार मानायला आलास की काय?" त्यांनी वरूनच विचारलं.

"हो."

"मग शिडी धर. डुगडुगतेय."

मी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी काचेला टिचकी मारली, ऐकलं.

"ताई कशी आहे?"

"झोपलीय!" मी खालून ओरडून सांगितलं.

"अरे, मग हळू बोल की," काका म्हणाले.