तीस हजार एकतीस

"नियमच आहे तसा," असं कुणी म्हटलं की मगदूम बाई हातातला खडू टेबलावर आपटायच्या. "नियम हाय म्हणं! करून बघितलासा काय?" शाहूपुरीतल्या आमच्या शाळेत गणिताला त्या आणि मी, दोघंच. बाई शिरोळकडच्या. आवाज असा की त्या वर्गात शिकवायला लागल्या तर रस्त्यावरच्या पावण्यालाही अपूर्णांक कळावेत.

एका वर्षी गणिताच्या शिबिराला शाळेतून एकच मूल जाणार होतं. निवडीचा पेपर मी काढला. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवला की ३०,०३१ येते. ही संख्या मूळ आहे का? माझं ठरलेलं उत्तर, 'आहे'. त्या सहांपैकी कशानंही भागा, बाकी एकच उरते. मग झालं की! उचगावच्या राजश्रीनं 'नाही' लिहिलं. मी लाल फुली मारली, खालचं वाचलंसुद्धा नाही. दोन गुणांनी तिची जागा गेली.

निकाल लागला त्या दिवशी बाई तिचा पेपर घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पेन घ्या. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. गुणा."

"बाई, तास संपल्यावर..."

"आत्ता गुणा!"

गुणलं. ३०,०३१.

"पोरगी सतरापासनं एकेक मूळ संख्येनं भागत गेलीया. अकराव्या भागाकाराला सुटलं. तुम्ही किती भागाकार केलासा?"

एकही नाही.

तशाच त्या मला मुख्याध्यापकांकडे घेऊन गेल्या. ते म्हणाले, "यादी गेलीय. आता बदललं तर शाळेची शोभा होईल. आणि सर स्वतः म्हणतायत का, चुकलं म्हणून?" दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मूग गिळून उभा. नोकरीत कायम व्हायचं होतं, हे कारण. थू त्या कारणावर! बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्हास्नी संख्येचं भ्या न्हाय, सायबाचं हाय."

त्यानंतर कामापुरतंच बोलल्या. त्यांच्या निरोप समारंभात मी त्यांची स्तुती करायला उठलो, तर खुर्चीतूनच ओरडल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. पोरीचं सांगा की!" बाईंची नेहमीची गंमत समजून सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, कडक पण प्रेमळ. प्रेमळ कसल्या! मला त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि बरोबर केलं.

म्हणून हे लिहितोय. राजश्री, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी कळली होती. ज्याला खोटं वाटेल त्यानं पेन घ्यावं आणि गुणून बघावं.