वरच्या कप्प्यातली अंडी

आमच्या प्रयोगशाळेत काकूंपुढे सरांचंही काही चालत नसे. पदाने त्या साध्या तंत्रज्ञ. पण अंड्यातल्या पिलाचा मोहरीएवढा मेंदू मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढावेत ते त्यांनीच. चौतीस वर्षं हेच काम. काप उडू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घ्यायच्या, आणि कोणी शिंकलं तर त्याची काही खैर नसे.

मी तिथे पीएचडी करत होते. वाढत्या मेंदूत पेशी आधी भराभर एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. मग एकेक करून थांबतात आणि मज्जापेशी बनतात. त्यांना थांबवतं कोण, हा माझा प्रश्न. एक प्रथिन बंद पाडणारं औषध मी अंड्यांत टोचत होते. काकूंच्या मोजणीत औषधाच्या मेंदूंमध्ये विभागणाऱ्या पेशी दुप्पट निघाल्या. ब्रेक सापडला! सरांनी प्रबंध लिहायला घे म्हणून सांगितलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

काकूंच्या निवृत्तीला चार आठवडे उरले होते. एका सकाळी त्या अंडी उबवायच्या कपाटापाशी थर्मामीटर घेऊन उभ्या दिसल्या.

"वरचा कप्पा दीड अंशाने गार आहे," त्या म्हणाल्या. "आणि औषधाची अंडी मी वर्षभर वरच ठेवली. साधी खाली."

"का पण?"

"औषधाची रोज उघडून बघावी लागतात. गुडघे दुखतात गं माझे. वाकायला नको म्हणून."

गार अंड्यातलं पिलू सावकाश वाढतं. वयाने लहान मेंदूत विभागणाऱ्या पेशी जास्तच असतात. म्हणजे माझा ब्रेक हा नुसता वयाचा फरक असू शकत होता. मी भडकले.

"सांगितलंत कशाला? कोणाला कळलं असतं?"

हे मीच बोलले. आजही त्याची लाज वाटते.

"मला कळलंय ना," काकू म्हणाल्या. "घोळ माझा आहे, तो निस्तरल्याशिवाय मी जात नाही. तू टोच, मी कापते."

सरांना त्यांनी स्वतःच सांगितलं. एवढ्यासाठी सगळं परत कशाला, असं सर म्हणाले. काकूंनी ऐकून घेतलं आणि ऐंशी अंडी मागवली.

मग रोज सकाळी वरची अंडी खाली, खालची वर. मोजताना मन कुठे झुकू नये म्हणून प्रत्येक स्लाइडच्या नावावर चिकटपट्टी. वाकताना काकू "आई गं" म्हणत आणि उठताना कपाटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मी त्यांच्यासाठी स्टूल आणलं, तर त्यावर त्यांनी स्वतःचा डबा ठेवला.

शेवटच्या दिवशी बाहेर निरोपाच्या खुर्च्या मांडून झाल्या तरी आम्ही आत पट्ट्या सोलत होतो. साध्या मेंदूंत सरासरी चाळीस पेशी, औषधाच्या मेंदूंत बावन्न. काकूंनी बेरीज दोनदा तपासली. मला रडू कोसळलं.

"बाराच उरल्या, काकू."

"पण उरल्या ना! आता या कोणी हलवून दाखवाव्यात."

प्रबंध छापण्याआधी मी त्यांच्या घरी वाचायला नेऊन दिला. पहिली मोजणी 'उपकरणातील दोषामुळे' रद्द केली, असं मी त्यांची लाज राखायला लिहिलं होतं. परत आला तेव्हा ते दोन शब्द लाल शाईने खोडलेले होते आणि वर त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'तंत्रज्ञाने वाकण्याचा कंटाळा केल्यामुळे'.

मी तसंच छापलं.