थॉर्नबींची ॲलिस कुठे गेली

विजय नगरातले नीलकंठराव खानझोडे चौतीस वर्षं फॅक्टरीच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये होते आणि त्यांच्या हातून एकही फाइल हरवली नाही. हे ते स्वतःच सांगत, दुसरं कोणी सांगायच्या आत. रिटायर झाल्यावर अशा माणसाने करावं तरी काय? त्यांनी इंग्लंडातल्या एका घराण्याची वंशावळ काढायला घेतली. तीही सहाशे वर्षांपूर्वीपासूनची.

आता तुम्ही म्हणाल, जबलपूरच्या माणसाला ही उठाठेव कशाला? तर त्याला कारण होतं. लेक प्रणोतीचं लग्न तिकडेच झालं, आणि व्हिसा वेळेवर न मिळाल्यामुळे इकडून कोणालाच जाता आलं नाही. लग्न पार पडलं, पण विहिणीचा मान राहून गेला. विहीण मार्गारेटबाई काही रुसल्या नव्हत्या. आपला मान राहून गेलाय हे त्या बिचारीच्या गावीही नव्हतं. पण नीलकंठरावांना चार वर्षं ते खुपत होतं, आणि डिसेंबरात बाई जबलपूरला येणार होत्या.

"कोशाची साडी द्या अन् मोकळे व्हा," बायको विनता म्हणाली.

"साडीचं ती बाई करेल काय? दुकानात मिळत नाही असं काही द्यायला पाहिजे."

मार्गारेटबाई माहेरच्या थॉर्नबी. राजेरजवाडे नव्हेत, पण जुने जमीनदार, गावात वजन असलेले. त्यांच्या घराण्याची यादी अर्धवटच आहे, असं प्रणोती एकदा फोनवर बोलून गेली होती. तेवढं पुरे झालं. नीलकंठरावांनी कंबर कसली.

तिकडची जुनी मृत्युपत्रं, जमिनीचे कज्जे, लग्नाचे करार आता नेटवर बघायला मिळतात. लॅटिन ते मोबाइलकडून समजून घेत. दोन महिन्यांत ती माणसं त्यांना इतकी घरची झाली की जेवतानाही विषय तोच. "विलियमने सख्ख्या भावाचं कुरण दाबलं बघ. डिट्टो आपले महाराजपुरवाले काका." पाच पिढ्या थोरला मुलगा जॉन नाहीतर थॉमस, याचंही त्यांना नवल वाटलं नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवतातच की.

"अहो, गॅसवाला बेल वाजवून निघून गेला. काय करून राहिले होते तुम्ही?"

"थॉमसचं लग्न लावून राहिलो होतो."

आणि त्या थॉमसपाशीच गाडी अडली. त्याचं लग्न ॲलिसशी ठरल्याचा करार होता, १४१८ सालचा. पण पंधरा वर्षांनी त्याने केलेल्या मृत्युपत्रात होतं, 'माझी पत्नी जोन'. मग ॲलिस गेली कुठे? ती वारल्याचा कागद काही सापडेना. तीन दिवस नीलकंठरावांना अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी अंघोळ करता करता उलगडा झाला आणि ते टॉवेलवरच बाहेर आले. माहेरची ॲलिस, सासरची जोन. लग्नात नाव बदललं असणार. बदलतातच ना बाईचं नाव! दोघींची त्यांनी एक केली, चार चार्ट पेपर जोडले आणि सुवाच्य अक्षरात सगळ्या पिढ्या उतरवल्या.

डिसेंबरात प्रणोतीला घेऊन बाई आल्या. त्यांना भेडाघाटला नावेतून फिरवून आणलं, पोटभर जेवू घातलं, विनताने कुंकू लावलं, आणि नीलकंठरावांनी ती गुंडाळी दोन्ही हातांनी विहिणीला दिली.

मार्गारेटबाईंनी कागद दिवाणावर पसरला. एकेका नावावरून बोट फिरवत त्या खाली आल्या, मध्येच थांबल्या आणि त्यांनी चष्मा काढला. बाई भारावल्या, असं नीलकंठरावांना वाटलं.

"ॲलिस कुठे आहे?" त्यांनी विचारलं. प्रणोती शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "आमच्या चर्चमध्ये तिच्या नावाची शिळा आहे. पहिल्याच बाळंतपणात गेली ती. लहानपणी मी दर ईस्टरला तिथे फुलं ठेवायची. जोन ही थॉमसची दुसरी बायको."

नीलकंठरावांच्या तोंडचं पाणी पळालं. फाइल जाऊ द्या, त्यांनी अख्खी बाई गहाळ केली होती, आणि तीही मान देण्याच्या दिवशी.

प्रणोतीने सासूला समजावलं की आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितो, आणि मग बाईचं तेच नाव चालतं. बाबांना वाटलं, तुमच्याकडेही तसंच. मार्गारेटबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. विनताकडे वळून त्यांनी विचारलं, "मग तुमचं आधीचं नाव काय?"

सवयीप्रमाणे उत्तर द्यायला नीलकंठरावच पुढे सरसावले. लग्नपत्रिकेचा गुलाबी रंग आठवला, सासऱ्यांचं नाव आठवलं, रुखवतात काय काय होतं तेही आठवलं. नाव मात्र काही केल्या आठवेना.

"सांगा ना," विनता म्हणाली. "काहून थांबले?"

मग स्वतःच म्हणाली, "विभावरी. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर आहे. कपाटात, तुमच्या थॉर्नबींच्या गठ्ठ्याखाली."

नीलकंठरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून त्यांनी चूक झाकायला पांढरी पट्टी डकवली, जोनला बाजूला सरकवलं आणि ॲलिसला तिची जागा दिली. मार्गारेटबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मान पोचला म्हणायचा.

पण पुढचे आठ दिवस बाईंनी विनताला विनता म्हटलंच नाही. "विबावरी," अशी खोलीतून हाक यायची, आणि गुडघे दुखतात म्हणून नवऱ्याला पाणीसुद्धा हाताने घ्यायला लावणारी बायको हातातलं काम टाकून उठायची. विहीण आणि प्रणोती परत गेल्यावर, घरात दोघंच आहेत असं पाहून, नीलकंठरावांनी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच ती हाक मारून पाहिली.

ती पोळी लाटत होती. तिने मान वळवली नाही.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "तुम्ही ठेवलं ना एक, तेच चालवा."