राखेवरची चिमूट

पिंप्राळ्यात आता मी भांड्यांची पावडर घरीच करते. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, राख वस्त्रगाळ करून तिच्यात वाळल्या लिंबाच्या सालींची पूड मिसळली, की त्या आंबूस वासाने सासरी सोनगीरला घडलेली ती सकाळ समोर उभी राहते.

आदल्या दिवशी माझे सासरे, आबा, गेले होते. त्यांनी प्राण सोडला त्या जागी राख पसरून वर टोपली झाकली होती. गेलेल्याची काही खूण उमटते का, ते सकाळी बघायचं. टोपली उचलली. राख जशीच्या तशी होती.

मग भांडी घासायला मी चुलीजवळचा राखेचा डबा उघडला. संध्याकाळी मीच हाताने सपाट केलेल्या राखेत तीन बोटांची खूण होती. आबा रोज तिथूनच चिमूट घेऊन दात घासायचे.

सासूबाई वाकून बघत राहिल्या.

"आबास्नी दात घासी लिधात," त्या शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.

आता सासूबाईही नाहीत. भांड्यांना त्या मूठभर राख घ्यायच्या. मी रोज संध्याकाळी डब्यातली राख सपाट करून ठेवते. सकाळी झाकण काढल्यावर राख तशीच दिसली, की मला वाईट वाटतं.